अलॉय व्हीलवरचा लेप

मोटार घेताना अलॉय व्हील असलेल्या वरच्या मॉडेलसाठी माणूस हजारो रुपये जादा मोजतो आणि पुढची सगळी वर्षं त्या चाकांची निगा वॉशिंग सेंटरमधल्या बिनलेबलच्या बाटलीवर सोपवून मोकळा होतो. यामागे दोन समज असतात. एक असा, की ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. दुसरा असा, की चाकावरचा काळा थर चिवट असतो, तेव्हा औषधही तितकंच जालीम हवं. दोन्ही समजांत लक्ष धातूकडे आहे आणि तिथेच गफलत होते. अलॉय व्हीलवर आपला हात फिरतो तेव्हा तो बहुतेक वेळा ॲल्युमिनियमला लागतच नाही. ॲल्युमिनियमवर चढवलेल्या रंगाच्या आणि लॅकरच्या पातळ लेपाला लागतो. चाक सांभाळायचं म्हणजे हा लेप शाबूत ठेवायचा. तो शाबूत आहे तोवर आतल्या धातूला फारशी भीती नाही. तो फुटला की बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. साबण कोणता, ब्रश कोणता, धुवायचं केव्हा आणि किती दिवसांनी, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात, आणि रूढ सल्ल्यांपैकी बरेच तिच्या कसोटीला उतरत नाहीत.

आधी चाकाची घडण पाहू. बाजारातली बहुतेक अलॉय व्हील ओतीव असतात. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम मिसळून तो रस साच्यात भरतात आणि नंतर उष्णतेची प्रक्रिया देऊन धातूला बळकटी आणतात. सिलिकॉनमुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पोचतो. मॅग्नेशियम असल्यामुळे ती उष्णतेची प्रक्रिया लागू पडते. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण खालच्या धातूला वाचवतो तो तोच. ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ हा समज या पापुद्र्याच्या जोरावर उभा आहे, आणि पापुद्र्याचा जोर मर्यादित आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तोवर तो टिकतो. सामू त्याहून खाली गेला की आम्लात विरघळतो, वर गेला की अल्कलीतही विरघळतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण लोखंडाला सहसा काही करत नाही. ॲल्युमिनियमवर पडलं की मात्र हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात. मिठातला क्लोराइड आणखी वेगळ्या वाटेने येतो. तो पापुद्रा सरसकट खात नाही, ठिकठिकाणी भेदतो आणि तिथे धातूत बारीक खड्डे पाडत जातो.

म्हणूनच कारखान्यात ओतीव चाकावर आधी रासायनिक प्रक्रिया करतात, मग पावडर कोटिंगचा थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. यातल्या एकेका थराची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. हल्ली ‘डायमंड कट’ नावाने खपणाऱ्या दुरंगी चाकांची गोष्ट याहून नाजूक. रंगवलेलं चाक लेथवर चढवून त्याचा दर्शनी भाग कातून काढतात. उघडा पडलेला चकचकीत धातू तसाच दिसत राहावा म्हणून त्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारतात. म्हणजे जो भाग सर्वांत जास्त मिरवतो त्याच्या खाली पावडर कोटिंगचा आधार नाही. घरात नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावायची नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण तिथे लेप गेला की तवाच बाद हे पटलेलं असतं. चाकाबाबत तेच गणित आहे, फक्त ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता या लेपावर बसतं काय ते बघू. चाकावरची काळपट भुकटी रस्त्यावरची धूळ नव्हे. तिचा मोठा भाग ब्रेकमधून येतो. डिस्क ओतीव लोखंडाची असते. पॅडमध्ये रेझिनने बांधलेले धातूचे तंतू, ग्राफाइट, खनिजांची पूड असं बरंच काही असतं. ब्रेक दाबला की दोन्ही घासले जातात आणि गरम कण उडून चाकाच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला बसतात. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे बहुतांश ब्रेकिंग पुढच्या चाकांवर होतं. शिवाय आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांची भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. पुढची चाकं चार दिवसांत काळी आणि मागची आठवडाभर स्वच्छ, हे दृश्य त्यामुळेच दिसतं. ही भुकटी किती मनावर घ्यायची? युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर मर्यादा घातली: पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर ७ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ७० ग्रॅम होतात, आणि हे फक्त हवेत तरंगणारे बारीक कण. जड कण आणि चाकाला चिकटून राहिलेला माल वेगळाच.

उतारावर हा मारा किती वाढतो तेही मोजता येतं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. बाराशे किलोची गाडी एवढी खाली आणताना सुमारे साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. विजेच्या मीटरवर ती जवळजवळ १.८ युनिट भरेल. काही वाटा हवेचा रोध आणि खालच्या गिअरमधलं इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांच्या बाबतीत उरलेलं जवळपास सगळं डिस्क आणि पॅडच्या वाट्याला येतं. खालच्या गिअरमध्ये घाट उतरणं हा सुरक्षिततेचा नियम तर आहेच, चाकं कमी काळी करण्याचाही सर्वांत स्वस्त उपाय तोच.

कण नुसते बसून राहिले असते तर प्रश्न दिसण्यापुरताच होता. पण त्यातलं लोखंड दमट हवेत गंजतं, फुगतं, लॅकरला घट्ट धरतं आणि तांबूस ठिपके उमटतात. असे महिने गेले की साध्या धुण्याने ते निघत नाहीत, मग घासणी हातात येते, घासणीने लॅकरवर ओरखडे पडतात आणि पुढची भुकटी त्या ओरखड्यांत अधिक घट्ट बसते. खरं नुकसान मात्र जिथे लेपाला छेद गेलाय तिथे सुरू होतं: खडीचा टवका, फुटपाथला घासलेली कड, टायर बदलताना लागलेली पहार. अशा जागी भिंग लावून पाहिलं तर टवक्याच्या कडेपासून लॅकरच्या खालून निघालेले पांढुरके, बारीक, वळवळते धागे दिसतात. वरचं लॅकर अखंड असतं, नख फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. धाग्याच्या टोकाशी मिठाच्या पाण्याचा सूक्ष्म थेंब असतो. तो धातू खात पुढे सरकतो आणि मागे कोरडी पांढरी भुकटी सोडत जातो. याला लागतं ते फक्त एक छेद, थोडा क्लोराइड आणि दमट हवा. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात या तिन्हींची वाण नसते. डायमंड कट चाकांवर हे धागे लवकर आणि ठळक दिसतात. एकदा ते लॅकरखाली शिरले की कोणताही क्लीनर तिथवर पोचत नाही. त्यामुळे ‘डाग जाईल असं काही तरी द्या’ ही मागणीच त्या टप्प्यावर निरर्थक ठरते.

इथे ॲसिडचा मुद्दा येतो, आणि त्याची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चाकावर पातळ केलेलं ॲसिड मारलं की दोन मिनिटांत काळा थर वाहून जातो. वॉशिंग सेंटरवाल्याला दिवसभरात पुष्कळ गाड्या उरकायच्या असतात, ग्राहकाला चाक चमकलेलं हवं असतं, आणि ‘इतकी वर्षं मारतोय, कुणाचं चाक बिघडलं?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. उत्तर लेपातच आहे. लॅकर अखंड असेल तर ॲसिड धातूपर्यंत जातच नाही, म्हणून त्या दिवशी काही दिसत नाही. पण मोटार दोन पावसाळे चालली की पूर्ण अखंड लॅकर असलेलं चाक क्वचितच सापडतं. टवक्यांतून, नटांच्या खोबणीतून, व्हॉल्व्हच्या भोकातून आणि बॅलन्सिंगच्या वजनांखालून आम्ल आत जातं. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं; म्हणजे पापुद्रा विरघळवणारं आम्ल आणि तो भेदणारा क्लोराइड एकाच बाटलीतून आपण धातूला पाजतो. परिणाम महिन्यांनी दिसतो, तेव्हा त्याचा दोष पावसाला दिला जातो. काही व्यावसायिक चाक-क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं, आणि ते चाकापेक्षा माणसाला घातक आहे. हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत शिरतं, पातळ असेल तर सुरुवातीला आगही होत नाही, आणि शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन भिडतं. उघड्या हातांनी दिवसभर चाकं धुणाऱ्या मुलाच्या हाती अशी बाटली देणं हे कोणत्याही चकाकीसाठी समर्थनीय नाही. बाटलीत काय आहे हे विचारावं, उत्तर मिळालं नाही तर चाकांना फक्त पाणी आणि शॅम्पू वापरायला सांगावं. कॉस्टिक असलेल्या ‘पॉवर’ क्लीनरचीही तीच गत: तेलकटपणा झटक्यात निघतो, पण उघड्या धातूवर पांढरट, मळकट डाग उमटतो, आणि तो पुसून जात नाही.

मग धुवायचं कसं? सौम्यपणे आणि वारंवार. ताज्या भुकटीला जोर लागत नाही. जोर लागतो तो उशीर झाल्यामुळे. दर आठ-पंधरा दिवसांनी सामू उदासीन असलेला कार शॅम्पू पुरेसा आहे. चाकं मात्र पूर्ण थंड हवीत. घाट उतरून आलेल्या गाडीच्या डिस्क प्रचंड तापलेल्या असतात. त्यांवर गार पाणी मारलं तर लोखंड असमान आकुंचन पावतं, आणि कोणतंही रसायन गरम चाकावर धुण्याआधीच वाळून डाग सोडतं. आधी नुसतं पाणी सोडून सुटे कण वाहून जाऊ द्यावेत, कारण ते कण फडक्याखाली सापडले की फडकंच पॉलिश पेपरचं काम करतं. एका वेळी एकच चाक धुवावं. मऊ केसांचा ब्रश दांड्यांच्या मधून आतपर्यंत घालावा. आतलं अंग कुणाला दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त भुकटी तिथेच साचते. चाकांची बादली आणि फडकी बॉडीसाठी वापरू नयेत, नाहीतर ब्रेकचं लोखंड बॉनेटच्या रंगावर घासलं जाईल. भांड्यांच्या हिरव्या घासणीत खरवडणारे कण असतात. ती, तारेची घासणी आणि टूथपेस्ट चाकापासून दूर ठेवावीत. प्रेशर वॉशचा फवारा टवक्यांवर आणि टायरच्या बाजूवर अगदी जवळून धरू नये, सुटत आलेलं लॅकर तो उचकटतो. शेवटी कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने पुसून घेणं बहुतेक लोक टाळतात. महाराष्ट्रातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. थेंब जागीच वाळले की पांढरी वर्तुळं राहतात आणि मग ती काढायला पुन्हा ॲसिडची आठवण होते.

अडकून बसलेल्या तांबूस ठिपक्यांसाठी वर्षातून दोन-तीनदा ‘आयर्न रिमूव्हर’ वापरणं योग्य. त्यात थायोग्लायकोलेट हा घटक असतो. केस कुरळे करायच्या पार्लरमधल्या द्रावणात याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच उग्र. फवारल्यावर मिनिटभरात चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. तो रंग लोखंडाशी जुळणी झाल्याचा आहे: जिथे जास्त जांभळं, तिथे लोखंड जास्त. याचं बलस्थान असं की ते लोखंडावर काम करतं आणि चांगल्या लॅकरला धक्का लावत नाही. सावलीत, हातमोजे घालून वापरावं, वाळू देऊ नये, भरपूर पाण्याने धुवावं. डांबराच्या ठिपक्यांवर ते चालत नाही. तिथे टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन नेमका ठिपकाच पुसावा.

‘चाक आहे, घाण होणारच, एवढं कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण चाकाचा एक भाग असा आहे जिथे गंज दिसण्यावर थांबत नाही. ट्यूबलेस टायरची कड रिमच्या ज्या पट्टीवर बसते, तीच हवा धरून ठेवते. तिथला लेप जाऊन धातू फुलला की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि हवा हळूहळू निसटते. टायरवाला टायर पाण्यात बुडवतो, खिळा सापडत नाही, बुडबुडे मात्र कडेवरून येतात. मग टायर उतरवून रिम घासून, सीलंट लावून पुन्हा चढवावा लागतो. तीच कथा बॅलन्सिंगच्या वजनांची: कडेवर ठोकून बसवलेलं वजन लेपाला खाच पाडतं, आणि ते लोखंडाचं असेल तर ओलाव्यात दोन धातूंच्या जोडीमुळे ॲल्युमिनियम आधी झिजतं. अलॉयला आतून चिकटवायची वजनं लावायला सांगावं. टायरवाल्याकडे ती असतात, न सांगितलं तर तो हाताला येईल ते ठोकतो.

‘सिरॅमिक कोटिंग केलं की सुटलो’ हा दुसऱ्या टोकाचा दावा. सिलिकावर आधारलेला हा थर अतिशय पातळ असतो. पाणी त्यावरून घसरतं, भुकटी कमी धरते, धुणं निम्म्या श्रमांत होतं. एवढं तो खरोखर करतो. खडीचा टवका तो अडवत नाही, फुटपाथ तर नाहीच, आणि आधीच धागे सुटलेल्या चाकावर मारला तर रोग आत ठेवून वरून दार लावल्यासारखं होतं. त्यामुळे तो नव्या चाकावर करावा, किंवा टायर बदलताना चाक सुटं असेल तेव्हा, म्हणजे आतलं अंगही झाकता येतं. कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, ब्रेकशेजारी ते फार दिवस तगत नाही. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट अधिक टिकतात, आणि दोन-तीन महिन्यांनी घरीच लावता येतात. बहुतेकांना तेवढं पुरेसं आहे. पैसे उरलेच तर टवके भरण्यावर घालवावेत: कडा साफ करून, कोरडं करून, जुळता टच-अप रंग आणि वर लॅकर. सुबक दिसलं नाही तरी चालेल, छेद बंद झाला पाहिजे.

चाक पुन्हा रंगवायची वेळ आलीच तर एक गोष्ट विचारून घ्यावी. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, आणि चाकाची मूळ बळकटी ज्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते तिचा शेवटचा टप्पाही दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या आसपासचा. भट्टीचं तापमान वाढलं किंवा चाक तासन्तास आत राहिलं तर धातू मऊ पडतो. रंग जाळून काढणारे आणि वाकलेली रिम बत्तीने तापवून सरळ करणारे या कारणासाठी टाळावेत. डायमंड कट पुन्हा कातून घेता येतं, पण दर वेळी धातूचा थर जातो, त्यामुळे ते एक-दोनदाच शक्य असतं.

पाण्याची टंचाई असलेल्या गावात चाकं धुणं शोभतं का, असंही कुणी विचारेल. पाइप सोडून ठेवला तर नाही. बादली आणि मगाने चारही चाकं होतात, आणि कोरड्या मुलखात क्लोराइड व दमटपणा दोन्ही कमी असल्याने तिथे अंतर वाढवायला हरकत नाही. किनाऱ्यावर मात्र उलट आहे. काशीद किंवा हरिहरेश्वरच्या वाळूवर गाडी घालणारे पुष्कळ असतात. मुळात ते करूच नये. पण खारं पाणी लागलंच तर शॅम्पूची वाट न पाहता त्याच संध्याकाळी चाकांच्या आतून-बाहेरून गोडं पाणी फिरवावं, कारण वाळलेलं मीठ रात्रीच्या दमट हवेतून पाणी ओढून घेतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात कायम राहणाऱ्यांनी तर चाकाची निवड करतानाच हे धरावं. डायमंड कटऐवजी पूर्ण रंगवलेलं, जाड आणि मोजक्या दांड्यांचं चाक घेतलं तर लेप एकसंध राहतो, ब्रश आतपर्यंत जातो आणि टवका भरला तर तो रंगात मिसळून जातो. असं चाक त्या मॉडेलला मिळत नसेल, तर स्टीलची रिम आणि वर साधी कॅप हीदेखील तिथे शहाणपणाची निवड आहे: स्टील गंजतं खरं, पण ते घासून रंगवायला गावातला कुठलाही पेंटर चालतो.